नियम न सांगता परकीय भाषा शिकायची, तर वाक्यं कशी निवडायची?

गवतीचहा

मुंबईत काळा घोड्याला मॅक्सम्यूलर भवनात किंवा कालिन्याला विद्यापीठात रीतसर वर्ग करणारे बरेच जण सुट्टीच्या दिवशी आपापसात भेटून उजळणी करतात. अशा चार-सहा जणांच्या गटांसाठी हा धागा आहे. पद्धत अशी की नियम आधी सांगायचा नाही. वाक्यं समोर मांडायची, नियम शिकणाऱ्याने काढायचा आणि मग तो मोडतो का ते पाहायचं. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६१ मध्ये शोधून शिकण्याचा मुद्दा ठामपणे मांडला, तेव्हापासून यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. पण वाक्यांचा संच प्रत्यक्षात कसा बांधायचा हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते सगळं यशापयश तिथेच ठरतं.

जपानीतले 'नि' आणि 'दे' हे जागा दाखवणारे प्रत्यय घ्या. मराठीत दोन्हीकडे '-त' किंवा '-वर' येतं, त्यामुळे आपला भाषिक कान इथे मदतीला येत नाही. सगळी माहिती वाक्यांतूनच मिळवावी लागते, म्हणून शोधायला हा विषय उत्तम आहे.

पहिल्या फेरीत बारा वाक्यं ठेवावीत, सहा-सहा. 'त्सुकुए नो उए नि होन गा आरिमासु' (टेबलावर पुस्तक आहे), 'हेया नि नेको गा इमासु' (खोलीत मांजर आहे) या जातीची सहा. 'हेया दे होन ओ योमिमासु' (खोलीत पुस्तक वाचतो), 'शोकुदोओ दे गोहान ओ ताबेमासु' (खानावळीत जेवतो) या जातीची सहा. एकही शब्द नवा नको. निदान तीन जागा दोन्ही ढिगांत याव्यात, म्हणजे 'खोली' इकडेही आणि तिकडेही. नाहीतर शिकणारा 'खोलीला नि, खानावळीला दे' असा नियम काढतो, आणि समोरच्या वाक्यांपुरता तो बरोबरच असतो!

यातून 'असण्याला नि, करण्याला दे' असा नियम निघतो. दुसऱ्या फेरीत तो हलवायचा. 'तोओक्योओ नि सुन्दे इमासु' (टोकियोत राहतो), 'इसु नि सुवारिमासु' (खुर्चीवर बसतो) ही वाक्यं द्या आणि त्यानंतर ही जोडी: 'गिन्कोओ नि त्सुतोमेते इमासु' आणि 'गिन्कोओ दे हाताराइते इमासु'. मराठीत दोन्हीचं 'बँकेत काम करतो' होतं. पहिल्यात माणूस त्या संस्थेला चिकटलेला आहे, दुसऱ्यात ती काम घडण्याची जागा आहे.

तिसरी फेरी फक्त एका जोडीची. 'पिआनो वा होतेरु नि आरिमासु' आणि 'पाआतिइ वा होतेरु दे आरिमासु'. क्रियापद तेच, जागा तीच, तरी प्रत्यय वेगळा. पियानो तिथे असतो, पार्टी तिथे घडते. ही जोडी पहिल्याच फेरीत दिली तर गट गोंधळतो. तिसऱ्या फेरीत दिली तर 'क्रियापद बघून ठरवायचं' ही कल्पना गळून पडते आणि अर्थाकडे लक्ष जातं.

इतर भाषांसाठी असे संच कुणी बांधले असतील तर इथे द्यावेत.

अडीच अक्षरं

संच आवडला. बैठकीत तो कसा चालवायचा याबद्दल थोडी भर घालतो.

एका कार्डावर एकच वाक्य लिहावं. यादी दिली की लोक वरून खाली वाचत जातात आणि तुलना करत नाहीत. कार्डं हाताने सरकवता आली की आपोआप ढीग पडायला लागतात. गट तिघांचा बरा. दोघांत एक जण बोलतो आणि दुसरा मान डोलावतो, पाच झाले की दोघं फोन बघतात.

ढीग पडले की नियम मराठीत, पूर्ण वाक्यात लिहायला लावा. 'नि म्हणजे स्थिर' एवढं चालणार नाही. काय स्थिर? बोलणारा, वस्तू की क्रिया? लिहिताना नियमातली भोकं दिसतात. मग सहा नवी वाक्यं प्रत्ययाच्या जागी रेघ ओढून द्या आणि प्रत्येकाने उत्तर आधी स्वतःच्या कागदावर लिहावं, चर्चा नंतर. ही पायरी गाळली तर गटातला सगळ्यात हुशार माणूस नियम शोधतो आणि बाकीचे तो पाठ करतात. मग पद्धत बदलली असं म्हणता येत नाही, फक्त शिक्षक बदलला.

वेळ: ढीग लावायला दहा मिनिटं, नियम लिहायला पाच, भाकितं आणि चर्चा पंधरा, मोडणारी वाक्यं दहा. दहा मिनिटांत ढीगच पडले नाहीत तर गट ढ आहे असं समजू नये, संच चुकला आहे. अशा वेळी एक जोडी उचलून शेजारी ठेवायची, 'यात नेमकं काय वेगळं आहे?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं.

निळा डबा

विरोधी सूर लावतो, पण मनापासून.

पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा लेख या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नवशिक्याची कार्यकारी स्मृती फार तोकडी असते. शोधण्याच्या धडपडीतच ती भरून गेली, तर शिकलेलं दीर्घ स्मृतीत जायला जागा उरत नाही. ज्याला आधीच थोडं येतं त्याला शोधणं मानवतं. कोऱ्या माणसाला सोडवून दाखवलेली उदाहरणं जास्त उपयोगी पडतात.

म्हणून काय शोधायला द्यायचं नाही, हेही ठरवा. हिरागाना-काताकाना या जपानी अक्षरमाला सरळ शिकवा. अक्षराचा आकार आणि उच्चार यांचा संबंध रूढीने ठरलेला असतो, त्यात शोधण्यासारखं काही नाही. जर्मनमधल्या सुट्या नामाचं लिंग, आकडे, नमस्कार-चमत्कार, वरिष्ठांशी बोलायची रूपं, हेही सांगून टाका. सभ्यतेच्या बाबतीत तर चुकीचं अनुमान माणसाला महागात पडतं.

गवतीचहा

निळा डबा, यात वाद नाही. म्हणूनच वर 'एकही शब्द नवा नको' असं लिहिलं. शब्द आठवायचा आणि नियमही काढायचा अशी दोन्ही कामं एकदम पडली, तर तुम्ही म्हणता तेच होतं. त्या लेखाचा रोख आधार न देता सोडून देण्यावर आहे. निवडलेली बारा वाक्यं, तीन फेऱ्या, मधे विचारलेले प्रश्न, हा सगळा आधारच आहे. आठवड्याला एकच मुद्दा असा घ्यावा, बाकीचे नेहमीसारखे शिकावेत.

ओळंबा

जर्मन लिंगाबद्दल थोडं वेगळं मत. सुट्या नामाचं लिंग शोधता येत नाही हे खरं, पण शेवटच्या अक्षरांवरून ठरणारं येतं. अठरा नामांचा संच घ्या. सहा '-उंग'वाली: दी त्सायटुंग (वर्तमानपत्र), दी वोनुंग (घर), दी रेश्नुंग (बिल) वगैरे, सगळी स्त्रीलिंगी. सहा '-शेन'वाली: दास मेटशेन (मुलगी), दास ब्रोटशेन (छोटा पाव), दास हॉय्सशेन (छोटं घर), सगळी नपुंसकलिंगी. सहा '-अर'वाली: डेअर लेरर (शिक्षक), डेअर फारर (चालक), डेअर फेअरकॉय्फर (विक्रेता), सगळी पुल्लिंगी.

दुसऱ्या फेरीत दी मुटर (आई), दास मेसर (सुरी), दास त्सिमर (खोली) ठेवा. शेवट '-अर' आहे, पण ती काम करणारी माणसं नाहीत. '-अर म्हणजे पुल्लिंग' हा नियम कोसळतो आणि 'क्रियापदाला -अर लागून करणारा तयार झाला तर पुल्लिंग' असा नेमका नियम उभा राहतो. मग डेअर श्प्रुंग (उडी) द्या. इथे '-उंग' हा प्रत्यय नसून मूळ शब्दाचाच भाग आहे.

शेवटी डेअर कूखन (केक). लिहिलेलं पाहिलं तर त्याची शेवटची चार अक्षरं 'मेटशेन'च्या शेवटासारखीच आहेत, पण उच्चारात एकीकडे 'श'च्या जवळचा आवाज आहे आणि दुसरीकडे घशातला 'ख'. फक्त वाचून शोधणारे इथे हमखास अडकतात. म्हणून कार्डं दाखवायचीच नाहीत, ऐकवायचीही.

एक मोठा धोका: पहिल्या फेरीत सगळं एकवचनी आणि कर्त्याच्या रूपातच हवं. अनेकवचनात तिन्ही लिंगांना 'दी' लागतं, आणि स्त्रीलिंगी नाम चतुर्थीत गेलं की त्याला 'डेअर' लागतं. मासिकातला उतारा तसाच उचलून दिला तर 'दी मेटशेन' (मुली) आणि 'इन डेअर त्सायटुंग' (वर्तमानपत्रात) दोन्ही सापडतात आणि ढिगांचा बट्ट्याबोळ होतो. अस्सल मजकूर चांगला, पण पहिल्या फेरीला नाही.

सुपारीचं खांड

फ्रेंचसाठी ऐकण्याचा मुद्दा आणखी महत्त्वाचा आहे. विशेषणांच्या जोड्या कानाने द्या: प्तीत / प्ती (लहान), ग्रांद / ग्रां (मोठा), व्हेर्त / व्हेर (हिरवा), ब्लांश / ब्लां (पांढरा). स्त्रीलिंगी रूप आधी ऐकवलं तर शेवटचं व्यंजन गाळलं की पुल्लिंगी मिळतं, एका ओळीचा नियम. उलट दिशेने गेलं तर कुठलं व्यंजन जोडायचं हे प्रत्येक शब्दागणिक पाठ करावं लागतं. पुस्तकं बहुधा पुल्लिंगी आधी देतात.

कानामात्रा

जपानी 'ते'-रूप (क्रियापदाचं '-ते/-दे'ने संपणारं, पुढच्या शब्दांना जोडणारं रूप) राहिलं का? शोधून काढण्यासाठी याच्याइतका भरगच्च विषय नाही.

शब्दकोशातलं रूप आणि ते-रूप अशा जोड्या द्या, प्रत्येक शेवटाची तीन क्रियापदं. काकु-काइते, किकु-किइते, आरुकु-आरुइते. ओयोगु-ओयोइदे, इसोगु-इसोइदे, नुगु-नुइदे. हानासु-हानाश्ते, कासु-काश्ते, दासु-दाश्ते. नोमु-नोन्दे, योमु-योन्दे, यासुमु-यासुन्दे. आसोबु-आसोन्दे, तोबु-तोन्दे, एराबु-एरान्दे. काउ-कात्ते, आउ-आत्ते, त्सुकाउ-त्सुकात्ते. मात्सु-मात्ते, मोत्सु-मोत्ते, तात्सु-तात्ते. नोरु-नोत्ते, हाइरु-हाइत्ते, काएरु-काएत्ते. चोवीस होतात. आठ शेवटांतून पाचच प्रकार उरतात हे गटाला स्वतः दिसलं पाहिजे. '-नु'ने संपणारं रोजच्या वापरातलं क्रियापद एकच, शिनु, त्याचं शिन्दे होतं ते सांगून टाका. एका उदाहरणावरून नियम काढायची सवय लागू देऊ नये.

'योबु' (हाक मारणं) मुद्दाम वगळलं आहे. त्याचंही 'योन्दे'च होतं आणि 'योमु'शी (वाचणं) टक्कर होते. ते दुसऱ्या फेरीत आणा. 'इकु'चं 'इइते' न होता 'इत्ते' होतं. गटाने आधी 'इइते' असं भाकीत करावं, मग खरं रूप दाखवावं. भाकीत चुकल्यावर अपवाद लक्षात राहतो.

बऱ्याच वर्गांत 'मासु'-रूप (नम्र बोलण्याचं) आधी शिकवतात आणि त्यावरून ते-रूप काढायला लावतात. तिथे काकिमासु-काइते आणि ओकिमासु-ओकिते (उठणं) सारखेच दिसतात, पण वागतात वेगळे. अशा जोड्यांत 'मासु'-रूपात क्रियापदाचा गट ओळखायचा पुरावाच नसतो, म्हणून शब्दकोशातलं रूप वापरायचं. तिथेही एक काटा आहेच: 'काएरु' म्हणजे घरी परतणं असेल तर काएत्ते, बदलणं असेल तर काएते. दुसरं क्रियापद ताबेरु-ताबेतेच्या गटातलं आहे. तो गट पुढच्या बैठकीला ठेवा.

अडीच अक्षरं

कुणाला ही पद्धत नवी असेल तर पहिली बैठक मराठीवरच घ्यावी. 'मी झाड पाहिलं', 'मी मुलाला पाहिलं', 'तिने पिशवी उचलली', 'तिने बाळाला उचललं', 'आम्ही रिक्षा बोलावली', 'आम्ही शेजाऱ्यांना बोलावलं'. कर्माला '-ला/-ना' कधी लागतं? सगळे पटकन 'सजीवाला' म्हणतात. मग 'मांजराने उंदीर पकडला' ठेवा. उंदीर सजीव आहे. पुढे 'पोलिसांनी चोर पकडला' आणि 'पोलिसांनी चोराला पकडलं', दोन्ही बरोबर, मग फरक कसला? अर्ध्या तासात गटाला कळतं की नियम पहिल्याच झटक्यात पूर्ण होत नसतो. परक्या भाषेत हे शिकवायला गेलं तर लोक घाबरतात.

दोन नंबरचा फलाट

वाक्यं कुठून आणायची याबद्दल. 'तातोएबा' या संकेतस्थळावर अनेक भाषांतली वाक्यं आणि त्यांची भाषांतरं फुकट मिळतात, मराठीतलीही आहेत. पण जपानी वाक्यांचा मोठा जुना भाग तानाका संग्रह या जुन्या जपानी-इंग्रजी वाक्यसंग्रहातून आला आहे आणि त्यात अवघडलेली, चुकीचीही वाक्यं आहेत. प्रगत शोधात 'मातृभाषिकाच्या मालकीची वाक्यं' हा पर्याय असतो, तो लावूनच घ्या. तरी प्रत्येक वाक्य पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहा.

स्वतःचा मजकूर चाळायला 'अँटकॉंक' हे सॉफ्टवेअर आहे. लॉरेन्स अँथनी यांनी बनवलेलं, मोफत. हवा तो शब्द मधोमध ठेवून तो आजूबाजूच्या शब्दांसकट एकाखाली एक मांडतं. जर्मन 'आउफ' (वर) टाका आणि उजवीकडच्या पहिल्या शब्दानुसार क्रम लावा, की आउफ डेम, आउफ डेन, आउफ डेअर, आउफ दी असे गठ्ठे पडतात. मग डावीकडचं क्रियापद पाहायचं: 'लेगन' (ठेवणं) असेल तर डेन टिश, 'लीगन' (पडलेलं असणं) असेल तर डेम टिश. मराठीत दोन्हीकडे 'टेबलावर'च. गौण वाक्यांत क्रियापद शेवटी जातं, म्हणून सुरुवातीला मुख्य वाक्यंच निवडा.

जपानीसाठी हे लगेच चालत नाही. शब्दांमध्ये जागा नसते, त्यामुळे 'नि' शोधलं की 'निहोन'मधला 'नि'ही येतो. मजकूर आधी शब्दांत तोडावा लागतो. त्यासाठी अँथनी यांचंच 'सेगमेंटअँट' आहे.

निळा डबा

बोलण्याचं काय? कार्डं सरकवून बोलता येत नाही.

रविवारचा मेगाब्लॉक

त्यासाठी इंग्रजी शिकवण्यातले तज्ज्ञ एन. एस. प्रभू यांचा १९७९ ते १९८४चा बंगळूर प्रकल्प पाहावा. शाळेतल्या मुलांना इंग्रजीचे नियम न सांगता रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे यांवरची कोडी दिली जात. मुलांचं लक्ष उत्तरावर, भाषा ओघात येते. गवतीचहा सांगतात त्यापेक्षा हे वेगळं आहे, इथे नियम उघड मांडायचाच नसतो. मला दोन्ही एकामागून एक घेणं पटतं, आधी काम आणि मग कार्डं.

मुंबईत यासाठी सामग्री हाताशी आहे. दोघांना वेगवेगळे कागद द्या. एकाकडे लोकलचा नकाशा, दुसऱ्याकडे रविवारी कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे याची चिठ्ठी. प्रश्न: थेट गाडी नाही असं धरून चेंबूरहून अंधेरीला कसं जायचं? वडाळा रोडला बदलून हार्बरने, कुर्ल्याहून दादरमार्गे, किंवा कुर्ला-घाटकोपर करून मेट्रोने. एकमेकांचे कागद बघायचे नाहीत, फक्त जपानीत बोलायचं.

यात प्रत्यय आपोआप उगवतात. 'देन्शा नि नोरिमासु' (गाडीत चढतो), पण 'देन्शा ओ ओरिमासु' (गाडीतून उतरतो), आणि 'कुरुरा दे ओरिमासु' (कुर्ल्याला उतरतो). सगळ्यात मोलाचं वाक्य: 'घाटकोपर दे मेतोरो नि नोरिकाएमासु'. 'दे' आणि 'नि' एकाच वाक्यात, बदलण्याची जागा एक आणि ज्यात चढायचं ते दुसरं. बोलणं रेकॉर्ड करा, काम संपल्यावर त्यातली सहा वाक्यं कार्डांवर उतरवा आणि त्यांच्यावर पहिली पद्धत चालवा.

बिघडतं ते असं: दोघं मराठीत उतरतात किंवा नुसती स्टेशनांची नावं घेत सुटतात. म्हणून उत्तर लेखी हवं, चार पूर्ण वाक्यांत. आणि कामाआधी तशाच दुसऱ्या प्रवासाचं, समजा पनवेल ते ठाणे, एक उदाहरण सगळ्यांनी मिळून सोडवावं.

सुपारीचं खांड

जेएलपीटी (जपानीची प्रावीण्य परीक्षा) जुलै आणि डिसेंबरात असते. एन-५ला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीला, बसणाऱ्यांनी यात किती वेळ घालवावा?

कानामात्रा

एन-५च्या व्याकरणातले पाच-सहा मुद्देच असे घ्यावेत: नि-दे, ते-रूप, 'वा' आणि 'गा', इरु-आरु (इमासु-आरिमासुची शब्दकोशातली रूपं), दोन प्रकारच्या विशेषणांची नकारार्थी रूपं. बाकी कांजी (चिनीतून आलेली अक्षरं), शब्द, मोजण्याचे प्रत्यय यांना पाठांतरच हवं. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे नवा संच उघडू नये, जुन्या संचांची भाकितंच पुन्हा सोडवावीत.

ओळंबा

इरु-आरुचा संच कुणी देईल का? मराठीत माणूसही 'आहे' आणि पुस्तकही 'आहे', त्यामुळे इथे चुका खूप होतात.

गवतीचहा

पहिल्या फेरीत माणसं, कुत्रा, मांजर, पक्षी यांना इमासु आणि पुस्तक, छत्री, दुकान, पाणी यांना आरिमासु. 'सजीव-निर्जीव' हा नियम लगेच निघतो. दुसऱ्या फेरीत झाड: 'कि गा आरिमासु'. जिवंत आहे, पण हलत नाही. नियम 'आपणहून हलणारं' असा होतो. तिसऱ्या फेरीत मासा दोनदा ठेवा. टाकीत पोहणारा असेल तर 'साकाना गा इमासु', ससून डॉकवर टोपलीत पडलेला असेल तर 'साकाना गा आरिमासु'. शेवटी टॅक्सी. स्टेशनबाहेर चालकासह उभी असलेल्या टॅक्सीला 'ताकुशिइ गा इमासु' म्हणतात. टॅक्सीचं कार्ड अगदी शेवटी द्या आणि कारण सांगू नका. माशाच्या कार्डाशेजारी ठेवलं की बहुतेक गट ते स्वतःच काढतात.